गाव की द्राक्ष?

वाईन शिकायला निघालेल्या माणसाला पहिला धक्का चवीचा बसत नाही, लेबलाचा बसतो. चवीचं काय, दोन घोट घेतले की आवडली किंवा नाही आवडली, एवढं तरी आपलं आपल्याला कळतं. पण बाटलीवर जे लिहिलेलं असतं ते वाचून माझ्यासारख्या नवशिक्याला आपण निरक्षर आहोत असं वाटायला लागतं.

नाशिकची बाटली घ्या. तिच्यावर ठळक अक्षरात 'शेनिन ब्लां' किंवा 'शिराझ' असं लिहिलेलं असतं. ही द्राक्षांच्या जातींची नावं. आपल्याकडे जसं थॉमसन, सोनाका, शरद म्हणतात, तसंच. ठीक आहे, समजलं. आता फ्रान्सची एखादी जुन्या वळणाची बाटली घ्या. तिच्यावर लिहिलंय 'वूव्रे'. बरं, मग द्राक्ष कुठलं? पत्ता नाही. खरं म्हणजे फक्त पत्ताच आहे, बाकी काही नाही :)

वूव्रे हे फ्रान्समधलं ल्वार नदीच्या काठचं एक गाव. आणि गंमत अशी की तिथली वाईन शेनिन ब्लांचीच असते. म्हणजे नाशिकच्या बाटलीत आणि वूव्रेच्या बाटलीत द्राक्षाची जात एकच. एकीने जातीचं नाव सांगितलं, दुसरीने गावाचं. असं का?

वाईनच्या नवशिक्यांसाठी लिहिलेल्या लेखांत याचं उत्तर एका ओळीत मिळतं: 'जुन्या जगात जागेचं नाव लिहितात, नव्या जगात द्राक्षाचं.' पण हे उत्तर नव्हे, प्रश्नच पुन्हा वेगळ्या शब्दांत सांगितला. मला 'का' हवं होतं. ते शोधता शोधता मी वाईनपेक्षा तिच्या इतिहासातच जास्त रमलो. त्या इतिहासात एक किडा आहे, एक कॅफेवाला आहे, बंडखोर सैनिक आहेत, एक बंदी आहे. आणि शेवटी आपले नाशिकचे शेतकरीही आहेत.

(पुढे जाण्याआधी घरच्या मंडळींसाठी एक खुलासा. मी कुणाला प्यायला सांगत नाहीये. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलंय की दारूचं अमुक प्रमाण पूर्ण निर्धोक आहे असं म्हणता येत नाही, आणि वाईनही त्यात आली. तेव्हा 'रोज एक पेला हृदयाला चांगला' वगैरे मी म्हणणार नाही. हा लेख न पिणाऱ्यांनाही पचेल असा आहे.)

आधी आंब्याचं बोलू. 'हापूस' हे जातीचं नाव. 'देवगड' हे गावाचं नाव. बाजारात पेटीवर 'देवगड हापूस' लिहिलेलं असतं आणि आतला आंबा कर्नाटकातून आलेला असतो, ही तक्रार आपण वर्षानुवर्षं ऐकतोय. कर्नाटकातल्या आंब्याची जातही तीच, कलमही मूळचं कोकणातलंच. मग फसवणूक कसली? तर गावाच्या नावाची. त्या नावाला भाव आहे, आणि तो भाव तिथल्या बागायतदारांनी पिढ्यानपिढ्या कमावलेला आहे. २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं ते याचसाठी. हे उदाहरण डोक्यात ठेवा, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल.

वाईनच्या बाबतीत गावाच्या नावाची चोरी आणि तिच्यावरचे उपाय, दोन्ही बरेच जुने आहेत. आणि त्यातला एक जुना उपाय गोव्याच्या ओळखीचा आहे. आपल्यातल्या कित्येकांनी आयुष्यात पहिल्यांदा चाखलेली वाईन म्हणजे गोव्यात 'पोर्ट' म्हणून मिळणारी गोड लाल वाईन. हे 'पोर्ट' नाव आलं पोर्तुगालच्या पोर्तू शहरावरून. डोरू नदीच्या खोऱ्यात पिकलेल्या द्राक्षांची वाईन या बंदरातून इंग्लंडला जायची. अठराव्या शतकाच्या मध्यावर तिचे भाव कोसळले. इंग्रज व्यापारी म्हणाले, शेतकरी भेसळ करतात. शेतकरी म्हणाले, तुम्हीच गडद रंग आणि गोडवा मागता! एल्डरबेरी नावाच्या फळाचा रस घालून वाईनला रंग आणला जायचा, हे मात्र खरं होतं.

तेव्हा पोर्तुगालचा कारभार पुढे मार्किस ऑफ पोंबाल म्हणून ओळखल्या गेलेल्या मंत्र्याच्या हातात होता. त्याने १७५६ मध्ये एक सरकारी कंपनी काढली आणि डोरू खोऱ्यात सीमा आखून दिली. नुसती कागदावर नव्हे, तर तीनशेहून अधिक दगडी खांब रोवून. या खांबांच्या आतली तीच चांगली वाईन, बाहेरची नाही. एल्डरबेरीची झाडं उपटून टाकायचा हुकूम निघाला. पोर्तूमधल्या लोकांना कंपनीची मक्तेदारी सोसेना, १७५७ मध्ये दंगा झाला, आणि दंगेखोरांना फाशी दिलं गेलं. पोंबाल हा काही मवाळ गृहस्थ नव्हता. ज्या राजवटीने पोर्तूच्या नावासाठी दगडी खांब रोवले, तिच्याच ताब्यात तेव्हा गोवा होता. आणि आज गोव्यात त्याच नावाची स्वस्त, गोड, डोरूशी काहीही संबंध नसलेली वाईन विकली जाते. पोंबालला हे कळलं असतं तर त्याने काय केलं असतं याचा विचार न केलेला बरा.

पण हा झाला एका राजवटीचा वरून आलेला हुकूम. फ्रान्समधली गोष्ट खालून, शेतातून आली. आणि तिची सुरुवात झाली एका किड्यापासून.

१८६३ च्या सुमारास दक्षिण फ्रान्समधल्या काही द्राक्षबागा कारण कळेना अशा वाळू लागल्या. पानं पिवळी पडायची, दोन-तीन वर्षांत वेल मरून जायची. मेलेल्या वेली उपटून पाहिल्या तर मुळं कुजलेली, पण किडा-मुंगी काही नाही. १८६८ च्या जुलैमध्ये माँपेलिए इथले वनस्पतिशास्त्रज्ञ ज्यूल-एमिल प्लांशाँ आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी एक साधी पण शहाणपणाची गोष्ट केली. मेलेल्या वेलीऐवजी त्यांनी शेजारची धडधाकट दिसणारी वेल उपटली. तिच्या मुळांवर पिवळसर, बारीक किडे गच्च बसलेले होते. मेलेल्या वेलीवर ते सापडत नव्हते, कारण खायला काही उरलं नाही की ते पुढच्या वेलीवर जायचे. हाच तो फिलॉक्सेरा.

हा किडा मूळचा उत्तर अमेरिकेतला. तिथल्या रानटी द्राक्षवेली त्याच्याबरोबर हजारो वर्षं नांदलेल्या, त्यामुळे त्यांच्या मुळांना तो फारसं काही करू शकत नाही. युरोपच्या वेलींना ही सवयच नव्हती. फ्रेंच सरकारने उपाय सांगणाऱ्याला बक्षीस जाहीर केलं आणि १८७४ मध्ये ते वाढवून तीन लाख फ्रँक केलं. लोकांनी काय काय सुचवलं असेल ते विचारू नका. बक्षीस शेवटपर्यंत कुणालाच मिळालं नाही. उपाय मात्र सापडला: अमेरिकन वेलीच्या खुंटावर फ्रेंच वेलीचं कलम. मुळं अमेरिकेची, फळ फ्रान्सचं.

नाशिक-सांगलीच्या बागायतदारांना यात नवीन काहीच वाटणार नाही. आपल्याकडे खारट जमीन आणि कमी पाण्यासाठी 'डॉगरिज' खुंट लावतात आणि त्यावर थॉमसनचं कलम भरतात. हा डॉगरिज मूळचा अमेरिकेतल्या टेक्सासचा. आणि फ्रान्सला खुंट पाठवण्यात ज्यांनी पुढाकार घेतला त्यांत टेक्सासचेच टी. व्ही. मन्सन होते. फ्रेंच सरकारने १८८८ मध्ये त्यांना मोठा किताब दिला. म्हणजे निफाडच्या बागेतली मुळं आणि बोर्दोच्या बागेतली मुळं लांबून का होईना, एकमेकांची नातेवाईक आहेत.

असो. मुद्दा असा की कलमं करून बागा पुन्हा उभ्या राहायला दोन-तीन दशकं गेली. १८७५ मध्ये फ्रान्समध्ये सुमारे ८ कोटी ४० लाख हेक्टोलिटर वाईन झाली होती (एक हेक्टोलिटर म्हणजे शंभर लिटर). १८८९ मध्ये ती अडीच कोटींच्याही खाली आली. लोकांची तहान मात्र कमी झाली नव्हती. मग ज्यांना द्राक्षं मिळत नव्हती त्यांनी डोकं चालवलं. ग्रीस-तुर्कस्तानातून बेदाणे आणायचे, पाण्यात भिजवायचे आणि आंबवायचे. किंवा एकदा रस काढून उरलेल्या चोथ्यावर साखरपाणी ओतून दुसऱ्यांदा 'वाईन' काढायची. शेवटी १८८९ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्सला कायदा करून सांगावं लागलं की वाईन म्हणजे ताज्या द्राक्षांपासून किंवा त्यांच्या रसापासून आंबवून केलेलं पेय! शतकानुशतकं जे सगळ्यांना माहीत होतं त्याची व्याख्या करायची वेळ आली, ती खोट्याचा सुळसुळाट झाला म्हणून.

आता खरा तिढा सुरू होतो. विसावं शतक उजाडेपर्यंत नव्या बागा फळाला आल्या. दक्षिणेतल्या लांगदॉक भागात लोकांनी सपाट जमिनीवर भरघोस पिकणाऱ्या जाती लावल्या होत्या. अल्जीरियातून स्वस्त वाईन येत होती. साखरपाण्याची वाईनही थांबलेली नव्हती. भाव असे कोसळले की शेतकऱ्याला घातलेला पैसाही परत मिळेना. शेतकरी म्हणत होते, हे सगळं भेसळवाल्यांमुळे. नंतरच्या अभ्यासकांचं म्हणणं असं की भेसळीपेक्षा जादा उत्पादन हे मोठं कारण होतं. पण आपलं जादा पिकतंय यापेक्षा दुसरा लबाडी करतोय हे पटायला सोपं असतं, आणि दुसरा लबाडी करत होता हेही खोटं नव्हतं.

११ मार्च १९०७ रोजी आर्जेलिए नावाच्या गावातून ८७ शेतकरी नार्बोन शहराकडे चालत निघाले. त्यांचा पुढारी होता मार्सेलँ आल्बेर. थोडी द्राक्षबाग, गावात एक कॅफे, आणि भेसळीविरुद्ध बोलायचं वेड. दर रविवारी सभा भरू लागल्या आणि प्रत्येक रविवारी गर्दी वाढत गेली. ९ जूनला माँपेलिएमध्ये पाच लाखांच्या आसपास लोक जमले. गावोगावच्या नगरपालिकांनी राजीनामे दिले. पंतप्रधान क्लेमांसो यांनी सैन्य पाठवलं. १९ आणि २० जूनला नार्बोनमध्ये गोळीबार झाला, सहा माणसं मेली.

त्याच वेळी सतराव्या पायदळ पलटणीतले सुमारे पाचशे सैनिक बंड करून बेझिए शहराकडे चालत गेले. ही पलटण त्याच भागातली, म्हणजे समोरच्या जमावात कुणाचा बाप, कुणाचा भाऊ. त्यांच्यावर गोळ्या चालवायची वेळ आपल्यावर येईल, ही कल्पनाच त्यांना सहन झाली नाही.

आणि आपला कॅफेवाला? तो लपतछपत पॅरिसला गेला आणि थेट क्लेमांसोंना भेटला. क्लेमांसो मुरलेले राजकारणी. त्यांनी त्याला समजावलं, गावी जाऊन लोकांना शांत कर म्हणाले, आणि परतीच्या गाडीभाड्यासाठी शंभर फ्रँकची नोट दिली. त्या भोळ्या माणसाने ती घेतली. क्लेमांसोंनी ही गोष्ट पत्रकारांना सांगून टाकली. झालं! काल ज्याला लोक देव मानत होते तो एका दिवसात विकला गेलेला माणूस ठरला. १९२१ मध्ये तो गरिबीतच वारला. मला या सगळ्या इतिहासात सगळ्यात जास्त चटका लावून गेली ती ही शंभर फ्रँकची नोट. चळवळी गोळ्यांनी मोडत नाहीत, अशा नोटांनी मोडतात. आपल्याकडच्या शेतकरी आंदोलनांचा इतिहास ज्यांनी जवळून पाहिलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

पण चळवळ वाया गेली नाही. २९ जून १९०७ ला साखर आणि पाणी घालण्याविरुद्ध कडक कायदा झाला आणि भेसळ शोधण्यासाठी स्वतंत्र सरकारी खातं उभं राहिलं.

पुढचा प्रश्न अर्थातच गावाच्या नावाचा. वाईन खऱ्या द्राक्षाची असली तरी ती 'त्या' गावची आहे का? १९११ मध्ये शांपेन प्रांतात याच प्रश्नावरून दंगे झाले, व्यापाऱ्यांच्या इमारती जाळल्या गेल्या. प्रांताची सीमा कुठवर, आणि बाहेरची द्राक्षं आणून 'शांपेन' म्हणून विकणाऱ्यांचं काय करायचं, हा वाद. १९१९ मध्ये कायदा झाला की गावाच्या नावाची सीमा न्यायालयाने ठरवावी.

आणि इथे एक मेख निघाली. कायद्याने सीमा ठरवली, पण सीमेच्या आत काय लावायचं ते कुठे ठरवलं होतं? लोकांनी नामांकित गावाच्या हद्दीत वाटेल ती भरघोस पिकणारी जात लावली आणि हक्काने गावाचं नाव लावून विकली. देवगडच्या हद्दीत पिकलेला कुठलाही आंबा 'देवगड' म्हणून विकण्यासारखंच हे. जोसेफ काप्यू नावाचे शेतीतज्ज्ञ, जे पुढे काही काळ कृषिमंत्रीही झाले, हीच गोष्ट वर्षानुवर्षं ओरडून सांगत होते: नुसती जागा पुरेशी नाही, तिच्याबरोबर द्राक्षाची जात आणि लागवडीची रीतही बांधली पाहिजे. तिकडे शातोनफ-द्यु-पाप या गावात बॅरन ल रॉय नावाच्या वकिलाने (हे पहिल्या महायुद्धात वैमानिक होते) शेतकऱ्यांना एकत्र करून असेच नियम स्वतःहून घालून घेतले होते. कुठल्या जमिनीत लावायचं, कुठल्या जाती, किमान किती पिकलेलं फळ तोडायचं, सगळं.

१९३५ मध्ये काप्यूंचा विचार कायदा झाला आणि मे १९३६ मध्ये पहिल्या काही गावांना ते मानांकन मिळालं. शातोनफ त्यात होतंच. (या गावाने १९५४ मध्ये आपल्या हद्दीत उडत्या तबकड्या उतरायला बंदी घालणारा ठराव केला होता. नाव जपायचं म्हटल्यावर धोका कुठूनही येऊ शकतो :))

आता वूव्रेच्या बाटलीकडे परत बघा. तिच्यावर द्राक्षाचं नाव का नाही? कारण ते गावाच्या नावातच आहे. 'वूव्रे' म्हटलं की कायद्यानेच शेनिन ब्लां आलं, ठरलेली हद्द आली, एकरी उत्पादनाची मर्यादा आली. लपवाछपवी नाही की ग्राहकाला कमी लेखणं नाही. त्या एका शब्दामागे किडा, साखरपाणी, आर्जेलिएचे ८७ शेतकरी आणि नार्बोनचे सहा मृतदेह उभे आहेत. मी हे वाचेपर्यंत फ्रेंच लेबलं मला शिष्ट वाटायची. आता ती मला सातबाऱ्यासारखी दिसतात.

मग द्राक्षाचं नाव लिहायची पद्धत कुठून आली?

अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती. कॅलिफोर्नियाचे वाईनचे कारखाने बहुतेक बंद पडले. घरी थोडीफार वाईन करायला मुभा होती, त्यामुळे बागा मात्र वाढल्या. पण लावलं काय? तर रेल्वेने हजारो मैल टिकेल असं जाड सालीचं द्राक्ष. चव गेली खड्ड्यात. बंदी उठली तेव्हा चांगलं द्राक्षही नव्हतं आणि चांगली वाईन ओळखणारं गिऱ्हाईकही उरलं नव्हतं. मोठमोठ्या बाटल्यांत काहीही भरायचं आणि वर 'बर्गंडी' किंवा 'शाब्ली' लिहायचं, असा धंदा सुरू झाला. ही फ्रान्समधल्या जागांची नावं. उसनी घेतलेली, न विचारता.

फ्रँक शूनमेकर हे वाईन आयात करणारे आणि वाईनवर लिहिणारे गृहस्थ. १९३९ च्या सुमारास, युरोपचा माल युद्धामुळे आटायला लागल्यावर, ते कॅलिफोर्नियातल्या चांगल्या उत्पादकांच्या मागे लागले: दुसऱ्याच्या गावाचं नाव लावू नका, तुमच्या द्राक्षाचं नाव लावा. म्हणजे द्राक्षाचं नाव लिहिणं हा तेव्हा प्रामाणिकपणाचा आग्रह होता. आमच्या गावाला अजून नाव नाही, पण आत काय आहे ते खरं सांगतो. अर्थात 'खरं' किती? अमेरिकेत तेव्हा बाटलीत ५१ टक्के ते द्राक्ष असलं की नाव लावता यायचं. १९८३ पासून ती मर्यादा ७५ टक्के झाली.

पुढची गोष्ट पुष्कळांना माहीत असते. २४ मे १९७६. पॅरिसमध्ये वाईनचं दुकान आणि नवशिक्यांसाठी वाईनचे वर्ग चालवणारा इंग्रज, स्टीव्हन स्परिअर, आणि त्याची सहकारी पॅट्रिशिया गॅलघर यांनी नऊ नामवंत फ्रेंच परीक्षकांपुढे लेबल झाकून फ्रान्स आणि कॅलिफोर्नियाच्या वाईन ठेवल्या. पांढऱ्यात पहिली आली शातो माँटेलेनाची १९७३ ची शार्दने, लालमध्ये स्टॅग्ज लीपची १९७३ ची कॅबर्ने सोविन्याँ. दोन्ही कॅलिफोर्नियाच्या. एका परीक्षिकेने आपली गुणपत्रिका परत मागितली म्हणतात. 'टाइम'चा जॉर्ज टेबर हा एकच वार्ताहर तिथे होता, त्याने चार परिच्छेद लिहिले आणि जगभर बोंब झाली.

हा किस्सा बहुतेक वेळा 'फ्रेंचांची जिरली' अशा थाटात सांगितला जातो. लालमधला फरक इतका बारीक होता की दुसऱ्या दिवशी निकाल उलटही लागला असता. मला त्यात वेगळंच दिसतं. त्या दिवसानंतर 'शार्दने', 'कॅबर्ने' ही नावं हळूहळू जगाची भाषा झाली. गावांची शेकडो नावं पाठ करण्यापेक्षा सात-आठ द्राक्षांची नावं लक्षात ठेवणं नवशिक्याला सोपं. दार उघडं झालं. ऑस्ट्रेलियानेही १९९४ मध्ये युरोपबरोबर करार करून उसनी गावं टप्प्याटप्प्याने सोडायचं मान्य केलं.

आणि मग आपण. १९८० च्या दशकात नारायणगावला, शिवनेरीच्या पायथ्याजवळ, बुडबुड्यांची वाईन तयार होऊन परदेशी जाऊ लागली. त्या कंपनीच्या नावातच 'शॅम्पेन' होतं! जुन्नर तालुक्यात शांपेन. (काप्यू असते तर...) १९९७ मध्ये नाशिकला राजीव सामंतांनी सोविन्याँ ब्लां आणि शेनिन ब्लां लावलं, २००० मध्ये सुलाची पहिली वाईन बाजारात आली. त्यांचा सल्लागार कॅलिफोर्नियाचा. तेव्हा लेबलावर द्राक्षाचं नाव येणं ओघानेच आलं. 'शिराझ' हे नाव ऑस्ट्रेलियाच्या वळणाचं. इराणच्या शिराझ शहराशी त्याचा संबंध नाही, हे द्राक्ष आग्नेय फ्रान्समधलं, हे जनुकीय तपासणीतून सिद्ध झालंय.

२००१ मध्ये महाराष्ट्र सरकारचं द्राक्षप्रक्रिया धोरण आलं, विंचूर आणि पलूसला वाईन पार्क निघाले, आणि शेतकऱ्यांनी वाईनची द्राक्षं लावली. मग २००८-०९ ची मंदी आली. मुंबईवरच्या हल्ल्यानंतर पर्यटकही आटले. कारखान्यांत वाईन पडून राहिली आणि बागेत द्राक्षं. नारायणगावची ती कंपनीही कर्जात बुडाली. आता खायचं द्राक्ष एका व्यापाऱ्याने नाही घेतलं तर दुसरा घेतो, अगदीच नाही तर बेदाणा करता येतो. वाईनचं द्राक्ष बारीक, बियांचं, जाड सालीचं. ते बाजारात कोण घेणार? कित्येकांनी बागा उपटल्या आणि पुन्हा थॉमसनकडे वळले.

मला इथे सारखं वाटत राहतं की लेबलाचा प्रश्न हा पिणाऱ्यापेक्षा पिकवणाऱ्याचा जास्त आहे. द्राक्षाचं नाव गिऱ्हाइकाला कळतं, पण त्या नावावर शेतकऱ्याचा हक्क नसतो. शिराझ कुठेही लावता येतं, आज इथलं महाग पडलं तर उद्या दुसरीकडून आणता येतं. गावाचं नाव मात्र उचलून नेता येत नाही. 'वूव्रे' लिहायचं तर वूव्रेच्याच शेतकऱ्याकडे जावं लागतं. 'नाशिक व्हॅली वाईन'ला भौगोलिक मानांकन मिळून एक तपापेक्षा जास्त काळ झाला, 'दिंडोरी' हे नावही एका बाटलीवर मानाने आलंय. पण दुकानात जाऊन 'नाशिकची द्या' म्हणणारा माणूस मी अजून पाहिला नाही. लोक 'शिराझ द्या' नाहीतर कंपनीचं नाव सांगतात. देवगडच्या आंबेवाल्यांनी २०२५ च्या हंगामात एकेका आंब्यावर क्रमांकाचे स्टिकर लावायला घेतले, कारण त्यांच्याकडे राखण्यासारखं नाव आहे. नाशिकच्या वाईनवाल्या शेतकऱ्याकडे ते अजून व्हायचंय. शिवाय नाव व्हायचं तर काप्यूंचा धडा गिरवावा लागेल: कुठल्या उतारावर काय लावायचं, एकरी किती टन काढायचं, आणि पाण्याला नाही म्हणायचं. आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी आणि थंडी सरता सरता तोडणी, असं वेगळंच वेळापत्रक आहे. फ्रान्सची नक्कल करून ते नियम सापडणार नाहीत, इथल्याच माणसांनी बसून ठरवावे लागतील.

तर मंडळी, नवशिक्याला माझा सल्ला इतकाच. चव, वास, पेला कसा धरायचा हे सगळं नंतर. आधी बाटली फिरवून मागचं लेबल वाचा आणि बघा, गाव दिलंय की द्राक्ष. गाव दिलं असेल तर त्या गावात काय पिकतं ते शोधा. द्राक्ष दिलं असेल तर ते कुठल्या गावच्या शेतातून आलं ते शोधा. पहिल्याचं उत्तर पाच मिनिटांत सापडतं. दुसऱ्याचं बहुतेक वेळा सापडत नाही, आणि ते का सापडत नाही हे आता तुम्हाला माहीत आहे.

न पिणाऱ्या काका-मावश्यांनी हाच प्रयोग हापूसच्या पेटीवर करायला हरकत नाही. मे महिना काही फार लांब नसतो.